मामांना झालेलं पार्लमेंट

कॅनडाच्या पार्लमेंटात आजवर नाना तऱ्हेचे खासदार बसून गेले असतील, पण मांसाच्या सोडतीत शनिवारमागून शनिवार हॅम जिंकणारा कट्टर शाकाहारी खासदार त्या देशाला एकदाच लाभला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. मराठीत ‘मामा बनवणं’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. विनिपेगमधल्या आमच्या भागातल्या मतदारांनी एकदा मामाला खासदार बनवलं, आणि त्यात नेमकं कोण बनलं याचा निकाल अजून लागायचा आहे.

मामा साठच्या दशकाच्या शेवटी एक सूटकेस आणि इंजिनिअरिंगची पदवी घेऊन इथे आले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी विद्यापीठात गोठलेली माती शिकवली. हिवाळ्यात इथली जमीन गोठते, गोठली की फुगते आणि फुगली की रस्ते, भिंती, विजेचे खांब, जे सापडेल ते वर उचलते. हा त्यांचा विषय. या विषयावर ते इतकं प्रेम करत की कुणाच्या घराच्या बेसमेंटला तडा गेला तर लोक आधी दुःखी होत आणि मामा आधी खूश होत. राजकारणाशी त्यांचा संबंध इतकाच, की त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. दारावर आलेल्या प्रत्येक विक्रेत्याचा मान ठेवल्यामुळे त्यांच्या घरी तीन व्हॅक्युम क्लीनर होते. त्याच दारावर एके दिवशी एका पक्षाचा माणूस आला. आमच्या भागात त्या पक्षाला कुत्रं विचारत नव्हतं, पण मतपत्रिकेवर नाव तर हवं. तो माणूस मामींच्या चकल्या खात म्हणाला, “प्रोफेसर, नुसतं नाव द्या. जिंकायचं वगैरे काही टेन्शन नाही.” या हमीवर मामा उभे राहिले.

पुढे झालं असं, की जे दोन खरे उमेदवार होते त्यांनी एकमेकांविषयी इतकं वाईट सांगितलं, की मतदारांना दोघांचंही पटलं. निकालाच्या संध्याकाळी टीव्हीवाले मामांच्या गल्लीत आले तेव्हा मामा माकडटोपी घालून शेजारच्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करत होते. टोपीतून फक्त डोळे दिसत होते. टीव्हीवालीनं त्यांनाच विचारलं, “ते प्रोफेसर कुठे राहतात?”

“कशाला हवेत?”

“ते निवडून आलेत.”

“नक्की? स्पेलिंग नीट पाहिलंत?” असं म्हणून मामांनी उरलेला अर्धा ड्राइव्हवे साफ केला, कारण बर्फ अर्धवट काढला तर उरलेल्याचा दगड होतो, आणि मग टोपी काढून ते म्हणाले, “मीच तो. आता हे रद्द कसं करतात?”

मामी गेली चाळीस वर्षं त्यांच्या संसारात असल्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. अभिनंदनाच्या फोनवर त्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या. “साठीनंतर माणसांना डायबेटिस होतो हो. आमच्यांना पार्लमेंट झालं.”

माझा या प्रकरणात प्रवेश झाला तो गाडीमुळे. मी तेव्हा नागपूरहून नुकताच आलो होतो, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होतो, आणि माझ्याकडे मोठ्या डिकीची एक जुनी गाडी होती. मामांना गाडी चालवता येत असे, पण रस्त्यात नवा खड्डा दिसला की ते तिथेच थांबून त्याचं निदान करत, मग सिग्नल हिरवा असो नाहीतर मागे बस भोंगा वाजवत असो. शेवटी मामींनी किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली आणि मला सांगितलं, “जावईबापू, देशाची सुरक्षा तुमच्या हातात आहे.” तेव्हापासून सोमवारी सकाळी मामांना विमानतळावर सोडणं, शुक्रवारी आणणं आणि शनिवारी गावभर फिरवणं माझ्याकडे आलं.

मामांचा आठवडा पंचांगासारखा ठरलेला होता. सोमवारी युद्ध, मंगळवारी हिशेब, गुरुवारी जखमा. म्हणजे सोमवारी सभागृहात अफगाणिस्तानातल्या सैन्यावरची प्रश्नोत्तरं, मंगळवारी सरकारी खर्च तपासणारी समिती, गुरुवारी माजी सैनिकांच्या सोयीसवलतींची समिती. बुधवारी पक्षाची बैठक असे, पण तिच्याविषयी ते कधी बोलत नसत. विचारलं तर म्हणत, “बुधवार पोट बिघडण्याचा वार आहे.” पक्ष लहान, खासदार थोडे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन समित्या येत. मामांना मातीची समिती हवी होती. तशी समिती नव्हती. मग ज्या कुणालाच नको होत्या त्या दोन त्यांनी घेतल्या, कारण पुन्हा तेच, नाही कसं म्हणायचं.

सोमवारी सकाळी विमानतळावर त्यांच्या हातात सरकारी कागदांची बॅग आणि स्टीलचा डबा असे. डब्यात साबुदाण्याची खिचडी. पहिल्याच सोमवारी तपासणीवाल्याने डबा उघडून विचारलं, “सर, हे काय आहे? घन की द्रव?” त्या दिवसांत विमानात पातळ पदार्थ न्यायला नुकतीच बंदी आली होती. मामांमधला मृदाशास्त्रज्ञ जागा झाला. त्यांनी दाण्यात पाणी कसं शिरतं, दाणा कसा फुगतो, आणि फुगलेल्या दाण्यांच्या थराला घन म्हणावं की द्रव यावर शास्त्रात अजून एकमत कसं नाही, हे मागे रांग लागलेली असताना समजावून सांगितलं. वरचा अधिकारी आला, त्याच्याही वरची आली. शेवटी तिने एक चमचा चाखला आणि जाऊ दिलं. महिन्याभरात अशी वेळ आली, की मामींना दोन डबे द्यावे लागत, एक मामांचा आणि एक राष्ट्रीय सुरक्षेचा.

सभागृहात मामांची ख्याती झाली ती म्हणींमुळे. मामा इंग्रजी उत्तम बोलत, पण जोर आला की मनातली मराठी म्हण जशीच्या तशी इंग्रजीत उतरवत. मंत्र्याने रणगाड्यांच्या खरेदीला उशीर झाल्याचं खापर हवामानावर फोडलं, तेव्हा मामा उठून म्हणाले, सभापती महोदय, मंत्र्यांना नाचता येत नाही आणि ते अंगणाला दोष देत आहेत. सभागृहातल्या सगळ्या भाषणांचं तिथल्या तिथे फ्रेंचमध्ये भाषांतर करावं लागतं. काचेच्या खोलीत बसलेल्या दुभाष्या बाईने अंगणाचं कसंतरी निभावलं. पण पुढच्याच आठवड्यात बैल गेला आणि झोपा केला, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. या दुसऱ्या वाक्यानंतर म्हणे फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकचे सगळे खासदार कानाला यंत्र लावून एकदम वळले आणि मंत्र्याकडे पाहायला लागले. तेव्हापासून ती दुभाषी बाई मामांचं भाषण असलं की सकाळी फोन करून विचारत असे, “प्रोफेसर, आज जनावरं किती?”

इकडे विनिपेगला मामांचं ऑफिस एका लाँड्रीच्या आणि फिलिपिनो बेकरीच्या मधल्या गाळ्यात होतं. लोक तिथे कशाचीही तक्रार घेऊन येत. रस्त्यावरचे खड्डे हा महापालिकेचा विषय, खासदाराचा नव्हे, हे सांगितलं की संपलं. पण मामा तक्रार करणाऱ्याला बसवत, कागदावर मातीचे थर काढत आणि त्याच्या खड्ड्याची कुंडली मांडत. तासाभराने तो माणूस बाहेर पडे तो पुन्हा कधी न येण्याच्या निश्चयाने. माझ्या माहितीत खड्ड्यांच्या तक्रारी संपूर्ण बंद करणारं देशातलं ते एकमेव ऑफिस होतं.

शनिवारी दुपारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जायचं. हॉल म्हणजे सपाट छताची जुनी इमारत, आत बियरचा वास, भिंतीवर राणीचा फोटो, आणि दर शनिवारी मांसाची सोडत. तिकिटं विकायची, चाक फिरवायचं, ज्याचा नंबर लागेल त्याला हॅम, सॉसेज, नाहीतर कोंबडी. जमलेले पैसे हॉलच्या कामाला. हे विनिपेगमध्ये इतकं नेहमीचं आहे, की कुणाला त्यात गमतीचं काही वाटत नाही. मामांनाही वाटलं नाही. कामासाठी पैसे जमवतायत म्हटल्यावर त्यांनी तिकिटं घेतली आणि पहिल्याच शनिवारी हॅम जिंकलं. दुसऱ्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या शनिवारी सॉसेजची माळ. जन्मात कधी अंडंसुद्धा न खाल्लेल्या त्या माणसावर कुठल्या देवतेची कृपा झाली होती कोण जाणे. मामी ते घरात घेणं शक्यच नव्हतं, म्हणून ते सगळं माझ्या डिकीत जाई. बाहेर उणे तीस असल्यामुळे नासण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्या हिवाळ्यात मी एक अख्खा खाटिकखाना घेऊन ऑफिसला जात होतो.

हे मांस वाटता वाटताच मामांना वॉल्टर भेटले. वॉल्टर पंच्याऐंशीच्या पुढचे, दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यावर होते, बायको वारलेली, हॉलच्या खिडकीपाशी एकटे बसत. ते दर आठवड्याला तिकीट घेत आणि कधीच जिंकत नसत. मामांना त्यांची दया येऊन ते शेजारी जाऊन बसले. चाक फिरलं, नंबर पुकारला, आणि मामांनी पाहिलं तर तो नंबर वॉल्टरच्या समोरच्या तिकिटावर होता. वॉल्टर शांतपणे बियर पीत होते.

“तुमचा नंबर लागलाय!” मामा म्हणाले.

“हो, थंडी आहे,” वॉल्टर म्हणाले.

मग मामांनी तिकिटावर बोट ठेवलं, चाकाकडे बोट दाखवलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस किती वर्षं जिंकत असेल आणि त्याला पत्ताच नसेल. तोफांनी वॉल्टरचे कान नेले होते. मामांनी एका कागदी रुमालावर लिहून विचारलं, “सरकार कानाला लावायचं यंत्र देतं. तुम्ही अप्लाय केलं नाही?” त्यावर वॉल्टरनी खोल आवाजात जे सांगितलं ते ऐकायला सगळा हॉल थांबला, कारण बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्यांनी अर्ज केला होता. खात्याने उत्तर दिलं होतं, की तुमच्याशी फोनवर बोलून आम्ही खात्री करू. मग दुसरं उत्तर आलं, की आम्ही अनेकदा फोन केला, आपण उचलला नाहीत, तेव्हा आपल्याला यंत्र नको आहे असं समजून प्रकरण बंद केलं आहे.

घरी येताना लाल दिव्यापाशी एक चांगला हातभर खड्डा होता, त्याकडेही मामांनी पाहिलं नाही. मग एकदम म्हणाले, “अरे, ऐकू येत नाही म्हणून सुनावणी, आणि सुनावणी फोनवर!”

हा विनोद इंग्रजीत ‘हिअरिंग’ या एकाच शब्दात आयता तयार आहे, आपल्याला करायला काही उरलं नाही, याचा त्यांना फार त्रास झाला. पण पुढच्या मंगळवारी खर्चाच्या समितीत त्याच खात्याचा एक मोठा अधिकारी आला होता. त्याने अभिमानाने सांगितलं, की फोनची पद्धत आणल्यापासून बहिरेपणाची प्रकरणं फार झपाट्याने निकालात निघतात आणि खर्चही वाचतो. बाकीचे सभासद कागद चाळत होते, समितीचे अध्यक्ष हळूच शब्दकोडं सोडवत होते. मामांनी हात वर केला. हे संवाद मला नंतर त्यांनी इतक्या वेळा म्हणून दाखवले, की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

“ज्याला ऐकू येत नाही त्याला तुम्ही फोन करता?”

“ती प्रक्रिया आहे, सर.”

“त्याने फोन उचलला तर?”

“तर त्याला बऱ्यापैकी ऐकू येतं असं अनुमान निघतं.”

“आणि नाही उचलला तर?”

“तर त्याला मदत नको आहे असं अनुमान निघतं.”

अध्यक्षांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. मामा म्हणाले, “म्हणजे यंत्र मिळायचा रस्ता एकच. घंटा ऐकू आली पाहिजे पण बोलणं ऐकू आलं नाही पाहिजे.” अधिकाऱ्याने शेजारच्याशी कुजबुज केली आणि सांगितलं, की तशी प्रकरणंही असतात. समितीत हशा पिकला, पण मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तुमचा जो खर्च वाचतो म्हणता, तो नेमका कुणाच्या कानाचा?”

दोन महिन्यांनी वॉल्टरच्या घरी खात्याचा माणूस स्वतः आला आणि यंत्र बसवून गेला. त्या शनिवारी वॉल्टर मामांसमोर बसले, मामांनी “कसं वाटतंय?” विचारलं, आणि वॉल्टर दचकून म्हणाले, “अरेच्चा, तुम्ही पहिल्यापासून असेच बोलता? हा कुठला ॲक्सेंट?” मग चाक फिरलं, वॉल्टरना स्वतःचा नंबर ऐकू आला, आणि स्वतःच्या कानांनी जिंकलेलं पहिलं हॅम आणून त्यांनी ते सरळ मामांना भेट दिलं. मामांना नाही म्हणता येईना. डिकी पुन्हा भरली.

इथवर गंमत होती. पण त्याच सुमाराला सरकारने अफगाणिस्तानातल्या सैन्याचा मुक्काम वाढवायचा ठराव आणला. मामा सभागृहात उठले आणि त्यांनी एकच विचारलं, की जी मुलं जखमी होऊन येतील त्यांचं पुढची पन्नास वर्षं कोण, कसं बघणार, त्याचा काही विचार झालाय का. मंत्र्यांनी उत्तरात झेंड्याविषयी सांगितलं. मामांनी पुन्हा विचारलं. मंत्र्यांनी पुन्हा झेंड्याविषयी सांगितलं. शनिवारी हॉलमध्ये मामा हे सगळं वॉल्टरना सांगत होते. वॉल्टर म्हणाले, “आम्हाला पाठवलं तेव्हा आधी पार्लमेंटात मत घेतलं होतं. मी रेडिओवर ऐकलं. तेव्हा मला ऐकू यायचं.”

या देशात सैन्य परदेशी पाठवायला सरकारला पार्लमेंटचं मत घ्यावंच लागतं असं नाही. घेतलं तर घेतलं, तो शिष्टाचार. मामांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते इतके हादरले, की त्यांनी आमच्या हाउसिंग कॉम्प्लेक्सची नियमावली मागवून घेतली आणि मला दाखवलं. “बघ, इथे कुंपणाला रंग द्यायला सभा लागते.” आता वॉल्टरच्या त्या वाक्यानंतर त्यांनी स्वतःचं विधेयक लिहायला घेतलं. त्यात दोनच गोष्टी होत्या. सभागृहाचं मत घेतल्याशिवाय एकही सैनिक परदेशी लढायला पाठवायचा नाही, आणि मत घेण्याआधी परत येणाऱ्यांची काळजी शेवटच्या माणसापर्यंत कशी घेणार ते मांडायचं. मला म्हणाले, “तुला सांगतो, पाठवताना सगळे उभे राहून मत देतात, आणि ती पोरं परत आली की हात वर करतात.”

साध्या खासदारांची विधेयकं कुठल्या क्रमाने घ्यायची हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरतं. मामांना खात्री होती. हॉलमधल्या सगळ्यांना खात्री होती. ज्या माणसाला डुक्कर नको असताना डुक्कर लागतं, त्याला हवी ती चिठ्ठी का लागणार नाही? मामांचा नंबर दोनशेच्या पलीकडे आला. त्या गतीने विधेयक चर्चेला यायला माझा अजून न झालेला मुलगा पदवीधर झाला असता. पण क्रम बदलून घेता येतो. मामांनी वर्षभर खासदारांना नंबर मागितले. एकाच्या तळघराच्या भिंतीला तडे गेले होते. मामांनी सुट्टीत त्याच्या गावी जाऊन, गुडघाभर चिखलात उतरून ती भिंत वाचवली, आणि त्याने आपला नंबर दिला.

तेव्हा पक्षाच्या व्हिपने मामांना बोलावलं. व्हिप म्हणजे पक्षाची शिस्त राखणारा माणूस, आणि हा मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान होता.

“प्रोफेसर, हे मागे घ्या. उद्या आपलं सरकार आलं तर?”

“तर मी आपल्या सरकारलाही हेच विचारीन.”

“पुढच्या वेळी तिकिटावर सही नेत्याची लागते, ठाऊक आहे ना?”

मामांनी हे शुक्रवारी गाडीत मला सांगितलं. मी म्हटलं, “मग तुम्ही काय म्हणालात?” ते बराच वेळ काचेवरचं धुकं हाताने पुसत राहिले. “नाही म्हणालो,” ते म्हणाले, आणि स्वतःच चकित झाल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. घरी मामींना सांगितलं तर त्या पोळी लाटता लाटता थांबल्या. “तुम्ही? नाही म्हणालात? मग त्या व्हॅक्युमवाल्याला म्हणायला काय झालं होतं?” पण त्या रात्री जेवायला श्रीखंड होतं.

विधेयकाला एक तास मिळाला. मी रजा काढून वॉल्टरना घेऊन राजधानीत, ओटावाला गेलो. प्रेक्षकांच्या सज्जात आम्ही आणि शाळेची एक सहल. खाली एवढ्या मोठ्या सभागृहात मूठभर खासदार, त्यातला एक पेंगत होता. सज्जातल्या प्रत्येक खुर्चीला भाषांतर ऐकायचं यंत्र असतं. वॉल्टरनी ते आपल्या कानातल्या यंत्रावर चढवलं, आवाज पूर्ण मोठा केला आणि खूण केली, मस्त ऐकू येतंय.

मी जनावरांची वाट पाहत होतो. काचेच्या खोलीत दुभाषी बाईही सरसावून बसली असणार. पण मामा हळू, साधं बोलले. “मी मातीचा माणूस आहे. जमीन गोठते तेव्हा वरून सगळं नीट दिसतं. काय उचललं गेलंय ते वसंतात कळतं. रस्ता बांधणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, पुढची दुरुस्ती कोण करणार. उत्तर मिळाल्याशिवाय काम सुरू होत नाही. आपण माणसं पाठवतो. त्यांच्यासाठी निदान रस्त्याइतकं तरी विचारूया.” मग त्यांनी वॉल्टरचं नाव न घेता त्या फोनची गोष्ट सांगितली. पेंगणारा खासदार जागा झाला होता. शाळेतली मुलं हसली आणि मग हसायची थांबली.

बाहेर आल्यावर वॉल्टरनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला. “फार सुंदर बोललात. पण फ्रेंचमध्ये का बोललात?” त्यांनी पूर्ण तास चुकीच्या बटणावर ऐकलं होतं. मामांनी विचारलं, “मग कळलं काय?” वॉल्टर म्हणाले, “फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत लढलो ना मी. कळायचं तेवढं कळलं.”

चर्चेचा दुसरा तास महिन्याभराने होता. त्याआधीच निवडणुका जाहीर झाल्या आणि अर्धी राहिलेली सगळी विधेयकं आपोआप रद्द झाली. तिथे याला विधेयक मेलं असं म्हणतात. मामांनी घरी फोन करून मामींना विचारलं, “याचं सुतक किती दिवस?” मामी म्हणाल्या, “आंघोळ करा आणि घरी या. आमटी केलीय.” तिकीट अर्थातच दुसऱ्याला गेलं, एका तरतरीत वकिलाला, आणि तोही पडला. मामा पुन्हा गोठलेल्या मातीकडे वळले. लोक खड्ड्यांच्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येईनात याचं मात्र त्यांना वाईट वाटे. वॉल्टर त्यानंतर एका एप्रिलमध्ये गेले. जमीन अजून कडक होती, खणायला यंत्र लागलं. मामा कडेला उभे होते. त्या मातीविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा म्हातारे वाटले.

आणखी काही वर्षांनी सरकारने पुन्हा एका दूरच्या देशात लढाऊ विमानं पाठवायचं ठरवलं. मी त्या दिवशी कामावरून परतताना मामींनी सांगितलेलं गव्हाचं पीठ द्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. मामा स्वेटर घालून सोफ्यावर बसले होते. टीव्हीवर सभागृह चालू होतं. एक बोलला, दुसरा बोलला, सगळे तेच बोलत होते. मामा सोफ्याच्या कडेला सरकले. थोडे उठले, गुडघ्यावर हात ठेवून थांबले, आणि परत बसले. समोर मामी गवार निवडत होत्या.

मामींनी गवारीची परात बाजूला ठेवली. रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला, हात पदराला पुसले, आणि जेवणाच्या टेबलाची उंच पाठीची खुर्ची ओढून तिच्यावर ताठ बसल्या.

“बोला,” त्या म्हणाल्या.

“काय बोलू?”

“तिथे बोलला असतात ते. मी सभापती.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिठाची पिशवी हातात धरून दारातच उभा होतो. मग त्यांनी मामींकडे पाहिलं. “वेळ किती आहे?”

“कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.”

मामा उठले. स्वेटरची वरची गुंडी लावली, घसा साफ केला, आणि बोलायला लागले, मराठीत, मामींकडे बघून. टीव्हीवर त्यांच्या मागे माणसं आवाजाशिवाय उठत होती आणि बसत होती. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा मामा वाक्याच्या मधोमध थांबले.

मामी उठल्या, आत जाऊन शेगडी बंद केली, आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसल्या.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या.